ई-पुस्तकाच्या किमतीत पाणी कुठं मुरतं?

एखादी गाजलेली कादंबरी घ्यायची म्हणून आपण ऑनलाइन दुकानात तिचं पान उघडतो. पेपरबॅक आवृत्तीवर सवलत असते, आणि शेजारी त्याच कादंबरीचं ई-पुस्तक कधीकधी चक्क तिच्याहून महाग दिसतं. कागद नाही, शाई नाही, गोदाम नाही, वाहतूक नाही, मग ही फाइल महाग कशी? प्रश्न रास्त आहे. ‘प्रकाशक लुटतात’ हे त्याचं तयार उत्तरही सगळीकडं ऐकू येतं, पण खरी भानगड वेगळी आहे.

आधी कागदाचं बघू. पुस्तकाच्या एकूण खर्चात कागद आणि छपाईचा वाटा आपण मनाशी धरतो त्यापेक्षा बराच लहान असतो. लेखकाचं मानधन, संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, जाहिरात आणि विकणाऱ्याचा हिस्सा या गोष्टी ई-पुस्तकालाही चुकत नाहीत. तेव्हा कागद वजा केला की किंमत निम्मी व्हावी, हा हिशेब मुळातच जमत नाही. पण एवढ्यानं ई-पुस्तक महाग का, हे कळत नाही. ते कळायला खर्चाचा नाद सोडून किंमत कोण ठरवतं तिकडं बघावं लागतं.

घाऊक व्यापारी की अडत्या?

छापील पुस्तकांचा धंदा घाऊक पद्धतीनं चालतो. प्रकाशक छापील किमतीच्या साधारण निम्म्या भावानं विक्रेत्याला प्रती देतो, पुढं त्या कितीला विकायच्या ही विक्रेत्याची मर्जी. ॲमेझॉननं १९ नोव्हेंबर २००७ रोजी ३९९ डॉलरचं पहिलं किंडल, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, आणलं तेव्हा अमेरिकेत ई-पुस्तकंही याच पद्धतीनं विकली जात होती. नवी, खपाची पुस्तकं ९.९९ डॉलरला द्यायची असं ॲमेझॉननं ठरवलं. त्यातल्या बऱ्याच पुस्तकांसाठी कंपनी स्वतः प्रकाशकाला १२-१३ डॉलर मोजत होती. म्हणजे प्रत्येक प्रतीमागं दोन-तीन डॉलरची खोट, आणि तीही जाणूनबुजून. वाचक एकदा किंडलवर आला की इथंच राहील, हा त्यामागचा हिशेब. प्रकाशकांना त्यांचे पैसे पुरेपूर मिळत होते, तरी त्यांच्या पोटात गोळा आला. वाचकाला दहा डॉलरची सवय लागली की हाच विक्रेता उद्या आपल्याला भाव उतरवायला लावणार, हे त्यांना दिसत होतं.

जानेवारी २०१० मध्ये ॲपलनं आयपॅड जाहीर केला आणि प्रकाशकांपुढं दुसरी पद्धत ठेवली. किंमत प्रकाशकानं ठरवायची, दुकानानं ३० टक्के कमिशन घ्यायचं. यात दुकान मालाचं मालक होत नाही, अडत्या होतं. हीच एजन्सी पद्धत. आकडे मांडले की तिची गंमत कळते. १२.९९ डॉलरच्या पुस्तकातून ३० टक्के गेले की प्रकाशकाच्या हाती ९.०९ डॉलर उरतात, आणि आधी त्याला १२-१३ मिळत होते. म्हणजे प्रकाशकानं प्रतीमागं कमी पैसे पत्करले, वाचकाला तीन डॉलर जादा पडले, आणि या सगळ्याच्या बदल्यात किंमत ठरवायचा अधिकार प्रकाशकाकडं आला. पैसा सोडून सत्ता घेण्याचा सौदा होता हा. मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेनं ॲमेझॉनकडंही हाच आग्रह धरला, तेव्हा ॲमेझॉननं त्यांच्या पुस्तकांवरची ‘विकत घ्या’ची बटणं काढून टाकली, छापील पुस्तकांचीसुद्धा. काही दिवसांतच ॲमेझॉनला नमतं घ्यावं लागलं.

ॲपलनं करारात आणखी एक कलम घातलं होतं: दुसऱ्या कुठल्याही दुकानात पुस्तक स्वस्त मिळालं, तर आमच्याकडंही त्याच भावानं द्यायचं. बोट ठेवलं गेलं ते या कलमावर आणि त्याभोवतीच्या एकजुटीवर. एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं ॲपल आणि पाच मोठ्या प्रकाशकांवर संगनमतानं किमती चढवल्याचा खटला भरला. प्रकाशकांनी तडजोड केली, ॲपल लढली. जुलै २०१३ मध्ये न्यायाधीश डेनिस कोट यांनी निकाल ॲपलविरुद्ध दिला, आणि मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपील ऐकायला नकार दिल्यावर ४५ कोटी डॉलरची तडजोड अमलात आली. त्यातले ४० कोटी वाचकांचे होते.

इथं एक गैरसमज हमखास होतो. न्यायालयानं एजन्सी पद्धत बेकायदा ठरवली नाही. सगळ्यांनी मिळून, ठरवून ती आणली, हा गुन्हा ठरला. तडजोडीची बंधनं सैल झाल्यावर, २०१४-१५ मध्ये, मोठे प्रकाशक एकेकट्यानं करार करून पुन्हा त्याच पद्धतीवर आले आणि आजही तिथंच आहेत. किंडलच्या दुकानात किमतीखाली बारीक अक्षरात ‘किंमत प्रकाशकानं ठरवली आहे’ अशा अर्थाची ओळ दिसते, ती याच लढाईची खूण. छापील प्रत विक्रेत्यानं घाऊक भावात घेतलेली असते, म्हणून तिच्यावर तो हवी तेवढी सूट देतो. ई-पुस्तकावर त्याचे हात बांधलेले असतात. पेपरबॅक स्वस्त आणि फाइल महाग, हे त्यातूनच घडतं.

काही देशांत तर प्रश्न कायद्यानंच मिटवलाय. फ्रान्सनं २०११ मध्ये ई-पुस्तकांना ठरीव किमतीचा कायदा लावला, जर्मनीनं २०१६ मध्ये आपल्या जुन्या ठरीव किमतीच्या कायद्यात ई-पुस्तकं घेतली. तिथं प्रकाशकानं ठरवलेली किंमत सगळ्या दुकानांत एकच. कराचाही हात असतो. ब्रिटनमध्ये छापील पुस्तकाला शून्य आणि ई-पुस्तकाला २० टक्के व्हॅट होता; १ मे २०२० पासून ई-पुस्तकही शून्यावर आलं. वाचकाच्या किमतीत मात्र तेवढी घट सगळीकडं दिसली नाही, कारण किंमत ठरवणारा अर्थातच प्रकाशक!

२.९९ आणि ९.९९ या दोन खुंट्या

स्वतःच प्रकाशित करणाऱ्या लेखकांची ई-पुस्तकं पाहिली तर बहुतेक किमती २.९९ ते ९.९९ डॉलरच्या दरम्यान सापडतात. हा योगायोग नाही. ॲमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशन सेवेत किंमत या पट्ट्यात असली तर लेखकाला ७० टक्के मिळतात. पट्ट्याबाहेर गेली की ३५. पुस्तक ९.९९ ला ठेवलं तर लेखकाचा वाटा सात डॉलरच्या आसपास. एक सेंट वाढवून बरोबर १० डॉलर केलं की वाटा साडेतीन डॉलर! पुन्हा सातपर्यंत पोचायला किंमत थेट वीस डॉलर करावी लागेल. त्यामुळे दहा आणि वीसच्या मधला भाग लेखकांसाठी जवळजवळ ओसाड आहे. अभ्यासाचं एखादं जाड, कष्टानं लिहिलेलं पुस्तक १४ डॉलरला असायला हवं होतं असं वाटत असेल, तरी लेखक ते ९.९९ ला ठेवतो किंवा त्याचे दोन भाग करतो.

दुसरी मेख फाइलच्या आकारात आहे. ७० टक्क्यांचा पर्याय घेतला की अमेरिकेत विक्रीमागं प्रत्येक एमबीला १५ सेंट ‘पोचवणावळ’ कापली जाते, आणि मग उरलेल्याचे ७० टक्के. नुसत्या मजकुराची कादंबरी एमबीच्या आत-बाहेर बसते, तिला हे जाणवतही नाही. पण छायाचित्रांनी भरलेलं २० एमबीचं पुस्तक ४.९९ ला ठेवलं, तर तीन डॉलर पोचवणावळीतच जातात. उरलेल्या १.९९ चे ७० टक्के म्हणजे १.३९. ३५ टक्क्यांच्या पर्यायात ही कपात नाही, तिथं त्याच पुस्तकाचे १.७५ मिळतात. म्हणजे सत्तर टक्क्यांपेक्षा पस्तीस टक्क्यांच्या पर्यायातच जास्त पैसे! सचित्र ई-पुस्तकांत चित्रं धुरकट का असतात, त्याचं एक कारण इथं सापडतं. लेखकानं पैसे वाचवायला ती दाबून लहान केलेली असतात. एक एमबी पाठवायला आज खरोखर १५ सेंट लागतात, यावर कोणाचा विश्वास बसेल असं मला वाटत नाही.

पानांवर मोजलेलं वाचन

वर्गणीचं गणित याहून वेगळं. ॲमेझॉनची वर्गणी सेवा किंडल अनलिमिटेड. ती जुलै २०१४ मध्ये महिन्याला ९.९९ डॉलरला सुरू झाली आणि २०२३ मध्ये अमेरिकेत ११.९९ झाली. कोबो प्लस ही रकुतेन कोबो या ई-पुस्तकं विकणाऱ्या कंपनीची तशीच सेवा. वाचक ठरावीक रक्कम भरून हवं तेवढं वाचतो. मग लेखकाला पैसे कसे द्यायचे?

सुरुवातीला ॲमेझॉन वाचायला घेतलेल्या दर पुस्तकामागं ठरावीक रक्कम देत असे, वाचकानं पुस्तकाचा दहावा हिस्सा ओलांडला की झालं. लोकांनी लगेच पंधरा-वीस पानांच्या पुस्तिकांचा रतीब घातला, कारण दहावा हिस्सा म्हणजे मुखपृष्ठ उलटून दोन पानं. जुलै २०१५ पासून कंपनीनं पद्धत बदलली आणि वाचलेल्या पानांवर पैसे देऊ लागली. अक्षर लहान-मोठं केलं तरी फरक पडू नये म्हणून पानाचं एक प्रमाणित माप काढलं. मग उलटी गंमत सुरू झाली. वाचक कुठल्या पानापर्यंत पोचला एवढंच यंत्रणा पाहत होती, म्हणून काही महाभागांनी हजारो पानांचा भरताड मजकूर कोंबला आणि सुरुवातीलाच ‘शेवटी भेट आहे, इथं दाबा’ असा दुवा दिला. वाचकानं दाबलं की सगळी पानं ‘वाचली’. पुढं कंपनीनं पानांची कमाल मर्यादा आणि इतर चाळण्या लावल्या.

दर महिन्याला एकूण रक्कम जाहीर होते आणि वाचलेल्या सगळ्या पानांत वाटली जाते. एका पानाला साधारण अर्ध्या सेंटच्या थोडं खाली पडतं. तीनशे पानांची कादंबरी कोणी पूर्ण वाचली तर लेखकाला सव्वा ते दीड डॉलर मिळतात. तीच २.९९ ला विकली गेली असती तर दोन डॉलरच्या आसपास मिळाले असते. शिवाय या योजनेत पुस्तक टाकलं की ९० दिवस त्याचं ई-पुस्तक दुसऱ्या कुठल्याही दुकानात विकता येत नाही. तरीही प्रेमकथा, रहस्यकथा, मालिका लिहिणारे लेखक इथं गर्दी करतात, कारण आठवड्याला तीन पुस्तकं फस्त करणारा वाचक इथंच असतो. महिन्याला एखादंच पुस्तक वाचणाऱ्याला मात्र ही वर्गणी बहुधा महागात पडते, मोठ्या प्रकाशकांची नवी पुस्तकंही इथं फारशी नसतात. पुस्तक अर्ध्यात सोडलं तर लेखकाला अर्धेच पैसे, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या लिखाणात प्रत्येक प्रकरण टांगणीवर का संपतं, हे वेगळं सांगायला नको.

विकत घेतलं म्हणजे नेमकं काय घेतलं?

आता जरा अप्रिय भाग. ई-पुस्तकाचे पैसे भरल्यावर आपल्याला मिळतो तो वाचायचा परवाना. हा भाड्याच्या घरासारखा प्रकार आहे: राहायची मोकळीक असते, पण विकायची नाही, आणि चावी मालकाकडंही असते. ती चावी म्हणजे डीआरएम, फाइलला लावलेलं डिजिटल कुलूप. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं काही वाचकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑरवेलच्या पुस्तकांच्या प्रती दुरूनच पुसून टाकल्या. विकणाऱ्याकडं हक्क नव्हते हे खरं, पैसेही परत दिले, पण वाचकांनी काढलेल्या टिपा पुस्तकाविना लटकत राहिल्या. कंपनीनं माफी मागितली. एप्रिल २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि घेतलेली पुस्तकं जुलैपासून उघडेनाशी झाली. तिथंही पैसे परत मिळाले. कपाट मात्र रिकामं झालं.

वापरलेलं ई-पुस्तक पुढं विकता येईल का, हा प्रश्न युरोपीय न्यायालयापुढं गेला होता. डिसेंबर २०१९ मध्ये टॉम काबिनेट खटल्यात उत्तर आलं: नाही. याचा किमतीशी थेट संबंध आहे. छापील पुस्तकाला जुन्या बाजाराची स्पर्धा असते, दोन वर्षांनी तेच पुस्तक रद्दीवाल्याकडं पाव किमतीत मिळतं. ई-पुस्तक जुनं होतच नाही, त्यामुळे त्याची किंमत कोणी मनावर घेऊन उतरवली तरच उतरते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे की विक्रेत्यानं डिजिटल माल ‘विकत घ्या’ म्हणून विकताना हा परवाना आहे असं स्पष्ट सांगावं. त्याच वर्षी २६ फेब्रुवारीपासून ॲमेझॉननं, वाचकानं घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबी तारेनं किंडलवर न्यायची सोय काढून टाकली. स्वतःजवळ फाइल ठेवणाऱ्या वाचकांना ती शेवटची खिडकी वाटत होती.

सोयी येतात, त्याही याच परवान्यातून. काही निखळ चांगल्या आहेत. २०२४ मध्ये कोबोनं रंगीत पडद्याचे रीडर आणले, त्याच वर्षी ॲमेझॉनचं कलरसॉफ्ट हे रंगीत किंडलही आलं. रंग फिकट असतो आणि रंगीत चित्राचा बारकावा काळ्या-पांढऱ्या मजकुराच्या निम्माच, इंचाला ३०० ऐवजी १५० ठिपके. कॉमिक्स आणि नकाशे वाचणाऱ्याला हे पुरेसं, नुसत्या कादंबऱ्या वाचणाऱ्यानं जादा पैसे घालू नयेत असं माझं मत. युरोपात २८ जून २०२५ पासून सुगम्यतेचा कायदा ई-पुस्तकांना लागू झाला. दृष्टिहीन वाचकाला मजकूर ऐकता यावा, अक्षर वाढवता यावं, चित्रांचं वर्णन असावं, या गोष्टी आता तिथं मेहरबानीवर नाहीत.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयींवर मात्र वाद पेटलाय. ॲमेझॉननं २०२५ मध्ये आधी मालिकेतल्या मागच्या भागांचा गोषवारा देणारी सोय आणली, मग वाचता वाचता पुस्तकालाच प्रश्न विचारायची. ‘हा माणूस आधी कुठं आला होता?’ असं विचारलं की उत्तर मिळतं, आणि पुढचं रहस्य फुटत नाही. वाचकाला बरंच. लेखकांचा आक्षेप असा, की ही सोय बंद ठेवायची मुभा त्यांना नाही आणि तिचे पैसेही नाहीत. हे भांडण नवं नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये दुसऱ्या किंडलनं मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली, तेव्हा अमेरिकेतल्या ऑथर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेनं ध्वनिपुस्तकाचे हक्क वेगळे विकले जातात म्हणून हरकत घेतली होती, आणि ॲमेझॉननं प्रत्येक पुस्तकासाठी ती सोय बंद करायचा अधिकार हक्कधारकांना दिला होता. त्या वेळी कंपनीला प्रकाशकांची गरज जास्त होती. आज तराजू कुणीकडं झुकलाय, ते या दोन उत्तरांतल्या फरकावरून ओळखावं.

ग्रंथालयांची अवस्था सगळ्यात बिकट. छापील पुस्तक एकदा घेतलं की फाटेपर्यंत फिरवता येतं. ई-पुस्तकाचा परवाना ग्रंथालयाला कित्येकदा वाचकाच्या किमतीच्या तीन-चार पट पैसे मोजून घ्यावा लागतो, आणि तो बहुधा दोन वर्षांत संपतो. एका वेळी एकच वाचक, म्हणून फाइलसाठीही महिनोन् महिने प्रतीक्षायादी. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेनं २०११ मध्ये २६ वेळा दिल्यावर परवाना संपेल असा नियम केला. छापील प्रतही इतक्या फेऱ्यांत झिजतेच, असा युक्तिवाद होता. मॅकमिलननं नोव्हेंबर २०१९ मध्ये नव्या पुस्तकाची पहिले आठ आठवडे एका ग्रंथालय-व्यवस्थेला एकच प्रत द्यायचं ठरवलं. ग्रंथालयांनी बहिष्कार घातला आणि मार्च २०२० मध्ये नियम मागं घेतला गेला.

अलीकडचा एक बदल वाचकाच्या बाजूचा आहे आणि त्याची फारशी चर्चा झाली नाही. केडीपीवर डीआरएम न लावता नव्यानं प्रकाशित होणारी पुस्तकं २० जानेवारी २०२६ पासून विकत घेणाऱ्याला ईपब (ई-पुस्तकांच्या फाइलचा एक सर्रास वापरला जाणारा प्रकार) किंवा पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात. जुन्या पुस्तकांना हे आपोआप लागू नाही, लेखकानं स्वतः जाऊन तसं निवडावं लागतं. कुलूप लावायचं की नाही हे केडीपीवर लेखकच ठरवतो, मोठ्या प्रकाशकांकडं मात्र ते बहुतेक लावलेलंच असतं. तेव्हा स्वयंप्रकाशित पुस्तक घेताना दुकानातल्या त्याच्या पानावर डीआरएम नसल्याची नोंद आहे का ते बघा, आणि असेल तर पैसे भरल्या भरल्या फाइल उतरवून आपल्या संगणकावर ठेवा.